नकाशावरची खोटी झाडी

“नकाशा चुकलाय!”

हेड्डा जंगलातून बाहेर आली ती हे ओरडतच. केसांत पाइनच्या काड्या, गुडघ्यांवर चिखल आणि हातात घामानं ओला झालेला नकाशा!

क्लबघरासमोरच्या बाकांवर बसलेल्या मंडळींचे कॉफीचे कप हवेतच थांबले. मग असा काही हशा पिकला की कुंपणावरचा कावळासुद्धा उडून गेला.

“नकाशा चुकलाय म्हणे!”

“ऐकलंस का आल्गोत? तुझा नकाशा चुकलाय! आणि सांगतंय कोण, तर तुझीच नात!”

नॉरबू गावात जंगलात हरवलेला प्रत्येक जण बाहेर येऊन हेच म्हणायचा. म्हणून नकाशा घेऊन जंगलात धावणाऱ्यांच्या इथल्या क्लबनं फार पूर्वीच नियम करून टाकला होता. जो कोणी ‘नकाशा चुकलाय’ म्हणेल, त्यानं आठवडाभर सगळ्यांचे कॉफीचे कप धुवायचे! आणि हा नकाशा तर आल्गोत आजोबांनी काढलेला. चाळीस वर्षांत त्यांनी एक धोंडासुद्धा इकडचा तिकडे काढला नव्हता. तालुक्यातले लोक म्हणत, जंगल आणि आल्गोतचा नकाशा यांत फरक दिसला तर आधी जंगल तपासा.

आजोबा मात्र हसत नव्हते. ते आपल्या कपात अशी नजर लावून बसले होते, जणू कपाच्या तळाशीच काही हरवलं होतं.

“दहा मिनिटं, हेड्डा!” गुन्वोर पुढे आली. तिच्या गळ्यात स्टॉपवॉच होतं आणि कपाळावर आठ्या. क्लबची अध्यक्ष तीच, शर्यतीचा मार्ग आखणारी तीच, आणि कोण कुठला टप्पा धावणार हे ठरवणारीही तीच. “शेवटच्या दोन निशाणांच्या मध्ये तू दहा मिनिटं करत काय होतीस?”

“दाट झाडी शोधत होते!”

पुन्हा हशा.

“हसू नका ना!” हेड्डानं नकाशा बाकावर पसरला. “हे बघा. टेकडीच्या खाली हा गडद हिरवा डाग. गडद हिरवा म्हणजे आत शिरताच येणार नाही अशी झाडी. बरोबर? मी ठरवलं, झाडी लागली की डावीकडून वळसा घालायचा. मी आपली धावतेय, धावतेय, झाडी येतच नाही! आणि एकदम समोर हा मोठा धोंडा! तो तर झाडीच्या पलीकडे आहे! मला वाटलं मी भलत्याच धोंड्यापाशी आले. म्हणून परत टेकडीवर गेले, परत खाली आले...”

“झाडी येत नाही म्हणजे काय? कालच रस्त्यावरून जाताना मी पाहिली. भिंतीसारखी उभी आहे.” गुन्वोरनं स्टॉपवॉच खिशात टाकलं. “हे बघ, पोरी. हरवणं काही गुन्हा नाही. पण हरवल्यावर जिला नकाशा खोटा वाटतो, तिच्या हातात मी शेवटचा टप्पा कसा देऊ? रविवारी शेवटचा टप्पा सिक्स्टेन धावेल. तू पहिला धाव.”

पहिला टप्पा! पहिला टप्पा म्हणजे बच्चेकंपनीचा. सगळा पायवाटेनं, आणि वाट चुकू नये म्हणून झाडाझाडांना फिती बांधलेल्या!

नॉरबू आणि सोडरबू ही तळ्याच्या दोन काठांवरची गावं. शाळा उघडायच्या आधीच्या रविवारी दोन्ही गावांच्या मुलांची नकाशा-रिले होते. तीन टप्पे, तीन धावपटू. हातात नकाशा आणि होकायंत्र घेऊन जंगलात लावलेली नारिंगी-पांढरी निशाणं क्रमानं शोधायची. प्रत्येक निशाणाला आकडा असतो, आणि तिथल्या डबीत बोटावरची चिप घालून ‘पीप’ करायचं. जिंकणाऱ्या गावाला वर्षभर तांब्याची किटली मिळते. गेल्या वर्षी शेवटच्या टप्प्यावर हेड्डा सगळ्यांच्या पुढे, दोन्ही हात उंचावून आली होती. पाच मिनिटांनी संगणकानं सांगितलं की तिनं १३६ च्या ऐवजी १६३ ला ‘पीप’ केलंय. सगळा संघ बाद! किटली तळ्यापलीकडे गेली. त्या दिवसापासून हेड्डाला एकच गोष्ट हवी होती. तोच शेवटचा टप्पा, पुन्हा एकदा. त्यासाठी ती सबंध हिवाळा बर्फात धावली होती.

आणि आता तो गेला!

*

“बत्तीस कप!” क्लबघराच्या मोरीपाशी उभा राहून सिक्स्टेन म्हणाला. तो पुसायला मदत करत होता. म्हणजे एका हातात फडकं होतं आणि दुसऱ्या हातात दालचिनीचा बन. “एवढी कॉफी पिऊन यांना झोप कशी लागते?”

“तुला आनंद झाला असेल,” हेड्डा फणकारली. “मिळाला ना शेवटचा टप्पा!”

“आनंद? मला? अगं, तो साडेचार किलोमीटरचा आहे!” सिक्स्टेननं बनचा मोठा घास घेतला. “माझ्या पायांना विचार एकदा.”

हेड्डाची धाकटी बहीण तूवा ओट्यावर बसून पाय हलवत होती. ती दहा वर्षांची होती आणि तिच्या डोक्यात जे यायचं ते थेट तोंडातून बाहेर पडायचं. “ताई, खरं सांग. तू हरवली होतीस का?”

“नाही.”

“शप्पथ?”

“अगं, मी पावलं मोजली होती! टेकडीपासून धोंड्यापर्यंत शंभर मीटर. नुसतं उजवं पाऊल मोजलं की माझी चाळीस पावलं. बरोबर चाळीस झाली आणि धोंडा आला. झाडी नाही की काही नाही.”

“मग नकाशा चुकलाय!” तूवानं टाळी वाजवली.

“श्श! हळू बोल, नाहीतर तुलाही कप धुवावे लागतील!”

“पण आजोबा चुकत नाहीत,” सिक्स्टेन म्हणाला. “आणि गुन्वोरनं झाडी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलीय.”

“तेच तर ना!” हेड्डानं ओला कप आपटला. “ती रस्त्यावरून पाहते. मी टेकडीवरून आले. एकाच जागेला रस्त्यावरून झाडी आहे आणि टेकडीवरून नाही, असं कसं होईल?”

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. शर्यतीच्या जंगलात सराव करायची मुभा दोन्ही गावांना शुक्रवारी दुपारी बारापर्यंतच होती. त्यानंतर कोणालाच आत पाऊल टाकता येणार नव्हतं.

“उद्या सकाळी सात वाजता,” हेड्डा म्हणाली.

“सुट्टीत? सात?” सिक्स्टेन कळवळला. “बरं बरं. पण बन माझ्याकडून आणि वाटे पण मीच करणार!”

*

रस्त्यावरून पाहिलं तर झाडी खरोखरच भिंतीसारखी उभी होती. स्प्रूसची कोवळी झाडं एकाला एक चिकटून, फांद्यांत फांद्या अडकलेल्या.

“घ्या!” सिक्स्टेन म्हणाला. “आहे की झाडी. चला, बन खाऊ या.”

“थांब. मी आत शिरते.” तूवानं मान खाली घातली, मेंढ्यासारखी मुसंडी मारली आणि अडकली. “ओढा मला! माझी वेणी अडकली!”

हेड्डानं तिचे पाय धरले, सिक्स्टेननं हेड्डाची कंबर धरली. एक, दोन, तीन! तिघंही धाडकन मागे पडली, आणि तूवाच्या वेणीबरोबर एक अख्खं झाड बाहेर आलं.

तूवा त्या झाडाकडे बघत बसली. “ताई, याला मुळंच नाहीत!”

मुळं नव्हतीच! बुंधा कुऱ्हाडीनं पेन्सिलीसारखा टोकदार केलेला होता. हेड्डानं शेजारचं झाड हलवलं, तेही अलगद वर आलं. त्याच्या शेजारचंही तसंच.

“कोणीतरी ही जमिनीत खुपसली आहेत!” सिक्स्टेन बन विसरला. हे सहसा होत नसे. “हे तर कुंपण आहे. झाडीचं सोंग!”

त्या सोंगाच्या मागे जंगल स्वच्छ मोकळं होतं. उंच, जुने स्प्रूस आणि खाली घोट्याएवढं मऊ शेवाळ. सायकल चालवता आली असती इतकं मोकळं! आणि त्या हिरव्या शेवाळात इथून तिथून, बुंध्यांच्या कडेनं, दगडांच्या आडोशाला, पिवळं धमक काहीतरी पसरलेलं होतं.

“कांतारेल!” सिक्स्टेनचा आवाज फुटेना. “पिवळी अळंबी! अगं आई गं, केवढी ही! लोण्यात परतून पावावर घातली तर...”

“हात लावू नकोस!” हेड्डा गुडघ्यांवर बसली. काही ठिकाणी अळंबीचे नुसते देठ उरले होते, सुरीनं सरळ कापलेले. “इथे कोणीतरी नेहमी येतं.”

तेवढ्यात रस्त्यावर फट फट फट असा आवाज आला.

“मोपेड! धोंड्यामागे, चला!”

तिघं धोंड्यामागे आडवी झाली. मोपेड थांबली. कोणीतरी गमबूट घालून, ओठातल्या ओठात गुणगुणत येत होतं. हेड्डानं हळूच डोकं वर काढलं आणि तिचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना.

आल्गोत आजोबा! एका हातात मासे पकडायची गळाची काठी, दुसऱ्या हातात झाकलेली टोपली.

आजोबा दर शुक्रवारी मासे पकडायला जात. मासा मात्र घरी कधी आला नाही. आजी म्हणायची, तळ्यातले मासे फार हुशार झालेत.

आजोबांनी आधी तूवानं उपटलेलं झाड पुन्हा जागेवर खुपसलं आणि “वारा फार सुटलाय हल्ली” असं पुटपुटले. एक पिवळं पडलेलं झाड काढून मोपेडच्या मागे बांधून आणलेलं नवं लावलं. मग टोपली घेऊन शेवाळात वाकले.

“आलात का रे पोरांनो?” ते अळंबीला म्हणाले. “अरे वा! तू तर चांगलाच जाडजूड झालास. तू नको, तू अजून लहान आहेस. पुढच्या शुक्रवारी हं!”

तूवानं स्वतःचं तोंड दोन्ही हातांनी दाबून धरलं. सिक्स्टेन हसून हसून इतका हलत होता की धोंड्यावरचा खडा खाली पडला. सुदैवानं आजोबांचे कान सत्तर वर्षांचे होते. टोपली भरल्यावर ते उलटं चालत निघाले, आणि प्रत्येक पावलागणिक दबलेलं शेवाळ फांदीनं झाडून उभं करत गेले.

मोपेडचा आवाज दूर गेला तेव्हा सिक्स्टेन आणि तूवा पोट धरून लोळायला लागले. हेड्डालाही आधी हसू आलं. मग ते एकदम थांबलं.

“काय झालं गं ताई?”

“त्याला माहीत होतं,” हेड्डा म्हणाली. “काल सगळे मला हसत होते, तेव्हा त्याला माहीत होतं की माझंच बरोबर आहे. आणि तो कॉफी पीत बसला!”

सिक्स्टेननं खिशातून शेवटचा बन काढला आणि अख्खाच्या अख्खा तिच्या हातात ठेवला.

“जाऊन सांगू या गुन्वोरला!” तूवा म्हणाली.

“ती म्हणेल, पोरांनीच झाडं उपटली,” सिक्स्टेन म्हणाला.

“नाही. आपण सांगायचं नाही,” हेड्डानं डोळे पुसले. “त्याच्या तोंडून वदवायचं. सिक्स्टेन, तुझ्या बाबांचं ते झाडं तोडायचं मोठं यंत्र सध्या कुठे असतं रे?”

*

दुपारी क्लबघरात गुन्वोर संगणकासमोर बसून शर्यतीचे मार्ग शेवटचे तपासत होती. शेजारी आल्गोत आजोबा कॉफी पीत होते. हेड्डा निमूटपणे कप धुवायला लागली. तूवा चेहऱ्यावर जगातला सगळा भोळेपणा आणून पुढे झाली.

“गुन्वोर, आम्ही सकाळी सरावाला गेलो होतो. ती दाट झाडी आहे ना, ती फारच भयंकर आहे गं. माझी वेणी अडकली.”

“माझी पँट फाटली,” सिक्स्टेन म्हणाला. पँट जूनमध्येच फाटलेली होती.

“बघ!” गुन्वोर हेड्डाकडे वळली. “आहे ना झाडी?”

“आहे,” हेड्डा म्हणाली. “अगदी भिंतीसारखी.”

आजोबांनी सुटकेचा निःश्वास सोडला आणि साखरेचा खडा तोंडात टाकला.

“पण शर्यतीत एखादं मूल आत अडकलं तर?” तूवाचे डोळे मोठे झाले. “म्हणून आम्ही सिक्स्टेनच्या बाबांना विचारलं. त्यांचं यंत्र रिकामंच उभं आहे. उद्या सकाळी दोन तासांत सगळी झाडी साफ! त्याची चाकं केवढी आहेत माहितीये? माझ्याहून उंच!”

“ते खरंच हो म्हणाले?” गुन्वोरनं विचारलं.

“‘हं’ म्हणाले,” सिक्स्टेन म्हणाला. हे मात्र खरं होतं. बाबा तेव्हा यंत्राखाली झोपून नट पिळत होते आणि काहीही विचारलं तरी ‘हं’ म्हणत होते.

“कल्पना वाईट नाही.” गुन्वोरनं फोन उचलला. “जमीनमालकाची परवानगी घेते. एकदा ते यंत्र फिरलं की...”

“ठेव तो फोन!” आजोबा असे उठले की कॉफी संगणकावर उडाली. “यंत्र कशाला? तिथे तोडायला आहेच काय? एक झुडूप नाही तिथे! मोकळं रान आहे, नुसतं शेवाळ आहे, मऊ शेवाळ, आणि त्याच्यावरून ती राक्षसी चाकं...”

ते थांबले. पण फार उशीर झाला होता.

मोरीत नळाचं पाणी वाहत होतं. हेड्डानं नळ बंद केला.

“काय म्हणालास, आजोबा?”

गुन्वोरनं फोन सावकाश खाली ठेवला. तिनं आधी नकाशावरच्या हिरव्या डागाकडे पाहिलं, मग आजोबांच्या नखांकडे. नखांत शेवाळ होतं.

“मासे!” ती हळूच म्हणाली. मग मोठ्यानं म्हणाली, “मासे! दर शुक्रवारी मासे! बावीस वर्षं मी तुझ्या मागावर आहे, आल्गोत! एकदा तर झुडपात बसून सहा तास तुला पाहत होते. सहा तास तू गळ टाकून बसलास, आणि नंतर कळलं की गळाला काटाच नव्हता! तुझी अळंबीची जागा! तू ती नकाशावरून पुसून टाकलीस!”

आजोबा मटकन खाली बसले. “चाळीस वर्षं मी सगळं खरं खरं काढलं,” ते म्हणाले. “एकच डाग. एवढासा. नखाएवढा.”

“त्या नखाएवढ्या डागात मी दहा मिनिटं हिंडत होते,” हेड्डा म्हणाली. तिनं हातातला कप खाली ठेवला. “का माहितीये? कारण नकाशा तू काढलेला होता. मला वाटलं, आजोबाचा नकाशा खोटा असूच शकत नाही, म्हणजे मीच चुकले असणार. आणि काल सगळे हसले, तेव्हा तू गप्प बसलास.”

आजोबांनी डोक्यावरची टोपी काढली आणि मांडीवर ठेवली.

“हो,” ते म्हणाले. “गप्प बसलो. लाज वाटली पाहिजे मला. आणि वाटतेय.”

गुन्वोर घसा खाकरली. तिच्या डोळ्यांत एक वेगळीच चमक आली होती. “हे बघा, चूक ती चूकच. पण आता शर्यतीला दोनच दिवस उरलेत. नकाशा कशाला बदलायचा? राहू दे तो डाग. गोष्ट आपल्या पाच जणांतच ठेवू. आणि आल्गोत, पुढच्या शुक्रवारी मीही येते तुझ्याबरोबर... मासे पकडायला.”

“गुन्वोर!” तिन्ही मुलं एकदम ओरडली.

“आम्हाला माहीत आहे की तिथे मोकळं रान आहे,” हेड्डा म्हणाली. “सोडरबूच्या मुलांना माहीत नाही. ती वळसा घालून जाणार आणि आम्ही सरळ. असली किटली मला नको!”

गुन्वोरचे कान लाल झाले.

आजोबा उठले. संगणकासमोर बसले, कॉफी बाहीनं पुसली, आणि एका बोटानं, एकेक कळ दाबत, तो हिरवा डाग पांढरा केला. पांढरा म्हणजे मोकळं जंगल, खुशाल धावा. हे करताना दाढ उपटून घेत असल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता. मग ते मोरीपाशी आले.

“सरक,” ते हेड्डाला म्हणाले. “कप माझे आहेत.”

“आणि शेवटचा टप्पा तुझा,” गुन्वोर म्हणाली. “माझं चुकलं, हेड्डा. मी रस्त्यावरूनच बघितलं. आत जाऊन बघायला हवं होतं.”

“हुर्रे!” सगळ्यांत मोठ्यानं सिक्स्टेन ओरडला.

*

रविवारी क्लबघरासमोरच्या कुरणात दोन्ही गावं लोटली होती. सुरुवातीलाच गुन्वोरनं कर्ण्यावरून जाहीर केलं, “नकाशात एक दुरुस्ती आहे! टेकडीखालची झाडी आता नाही. तिथे मोकळं जंगल आहे!” आजोबा तेवढा वेळ छातीवर हात ठेवून उभे होते. कोणाला कसलीच शंका आली नाही.

तूवा पहिल्या टप्प्यावरून सगळ्यांच्या आधी आली. नाकावर ओरखडा आणि तोंडाची टकळी चालू! सिक्स्टेन पळाला, पण परत येताना सोडरबूच्या मुलाच्या पुऱ्या दोन मिनिटं मागे पडला होता.

“काय झालं?” हेड्डानं त्याच्या हातावर हात मारत विचारलं.

“काही नाही! पळ!”

“तुझे दात निळे आहेत!”

“एकच मूठ ब्लूबेरी खाल्ली गं!”

“सिक्स्टेन, तुझे कानसुद्धा निळे आहेत!” असं ओरडतच हेड्डा जंगलात शिरली.

दोन मिनिटं! आणि पुढे होता रूबेन. सोडरबूचा सगळ्यांत वेगवान मुलगा. लांब ढांगांचा आणि त्याहून लांब जिभेचा. शुक्रवारी त्यानं तळ्यापलीकडून निरोप पाठवला होता, ‘यंदा हेड्डाला आकडे वाचायला चष्मा द्या.’

तिनं घाई केली नाही. पहिलं निशाण, ११२. मोठ्यानं वाचलं, पीप! दुसरं, १४०. वाचलं, पीप! ओढा, कुरण, चढण. प्रत्येक आकडा ती शाळेतल्यासारखा खणखणीत म्हणत होती. टेकडीच्या माथ्यावर पोहोचली तेव्हा रूबेन कुठेच दिसत नव्हता. तो पुढेच असणार. आता सरळ खाली, पांढऱ्या जंगलातून धोंड्यापर्यंत. चाळीस पावलं.

एक, दोन, तीन... अठराव्या पावलाला ती अडखळता अडखळता वाचली.

रूबेन शेवाळात गुडघ्यांवर बसला होता! नकाशा दातांत धरलेला. दोन्ही हातांनी तो पिवळी अळंबी उपटून टोपीत भरत होता. टोपी भरलेलीच होती, आता शर्टाचा ओटा झाला होता.

“हेड्डा!” तो नकाशा दातांतून पाडत ओरडला. “बघ! बघ तरी! सोनं आहे सोनं! माझी आई वेडी होईल!”

“रूबेन,” हेड्डा न थांबता म्हणाली, “शर्यत चालू आहे.”

“हो गं, पण ही जाडजूड बघ... काय? शर्यत? अरे देवा!”

मागे धडपड ऐकू आली. एकोणचाळीस, चाळीस, धोंडा! निशाणाचा आकडा १२७. वाचलं, पीप! रूबेन धापा टाकत मागे होता. शेवटचं निशाण कुरणाच्या कडेला होतं, आणि तिथे एकमेकांपासून वीस मीटरवर दोन निशाणं होती. गेल्या वर्षीसारखंच! तिनं नकाशावर बोट ठेवलं. १५१. समोरच्या निशाणावर ११५. नाही! पलीकडचं. १५१! पीप!

ती कुरणातून सुसाट सुटली. रूबेनची पावलं जवळ येत होती. पण टोपी सोडायला तो काही तयार नव्हता, आणि अळंबीनं भरलेली टोपी छातीशी धरून कोणाला वेगात धावता येतं? हेड्डा सहा पावलांनी पुढे राहून रेषा ओलांडून गेली.

या वेळी तिनं हात उंचावले नाहीत. ती सरळ संगणकापाशी गेली आणि चिप लावली. सगळं कुरण श्वास रोखून बसलं. पडद्यावर अक्षरं उमटली. सर्व निशाणं बरोबर!

मग काय विचारता! तूवानं तिच्या गळ्याला लोंबकळून घेतलं, सिक्स्टेननं निळ्या तोंडानं आरोळी ठोकली, आणि गुन्वोर कर्णा विसरून नुसत्या घशानंच ओरडली, “शाब्बास, हेड्डा! शाब्बास, पोरी!”

तेवढ्यात रूबेनच्या आईनं त्याच्या टोपीत डोकावून पाहिलं.

दीडशे माणसं त्या टोपीकडे पाहत होती.

“कुठे मिळाली रे बाळा?” कोणीतरी फार गोड आवाजात विचारलं.

रूबेननं ओठ घट्ट मिटले. अळंबीची जागा सांगायची नसते, एवढं त्याला पाळण्यापासून ठाऊक होतं. पण त्याच्या शर्टातून सांडलेली पिवळी अळंबी कुरणातून, १५१ च्या निशाणावरून, जंगलात सरळ रांग धरून गेली होती.

एक काकू हळूच उठल्या. मग दोन आजोबा. मग कोणीतरी बादली उचलली, आणि पुढच्याच क्षणी दोन्ही गावं टोपल्या, पिशव्या, हेल्मेटं घेऊन टेकडीकडे पळत सुटली!

“थांबा! बक्षीस समारंभ आहे!” गुन्वोर कर्ण्यावरून ओरडली. तिनं किटली हेड्डाच्या हातात कोंबली. “घे. अभिनंदन. मी... जरा बघून येते लोक सुरक्षित आहेत का!” आणि कॉफीचं मोठं भांडं घेऊन तीही पळाली. तिच्यामागे सिक्स्टेन आणि तूवा.

रिकाम्या कुरणात लाकडी चौथऱ्यावर हेड्डा किटली धरून उभी राहिली. समोरच्या बाकावर एकटे आल्गोत आजोबा होते. ते उठले आणि टाळ्या वाजवू लागले. दोनच हातांच्या टाळ्या, पण ते थांबेचनात.

“तुला नाही जायचं, आजोबा? सगळी संपतील.”

“संपू देत.” ते चौथऱ्याजवळ आले. त्यांचे डोळे ओले होते. “चाळीस वर्षं मी लोकांना सांगत आलो, डोळ्यांना दिसतं त्यावर विश्वास ठेवा. माझ्याच नातीनं ठेवला, तेव्हा मी गप्प बसलो. पुन्हा नाही तसं होणार. उत्तरेकडच्या जंगलाचा नवा नकाशा करतोय मी. छापायला जायच्या आधी तू तो सगळा धावून तपासायचास. तू सही केल्याशिवाय एक प्रत बाहेर जाणार नाही. खाली दोन नावं छापू. आल्गोत आणि हेड्डा.”

हेड्डाला इतका आनंद झाला की किटली हातातून निसटता निसटता राहिली. मग तिनं डोळे बारीक केले.

“उत्तरेच्या जंगलातही एखादी दाट झाडी आहे का, आजोबा?”

“छे छे! झाडी नाही.” आजोबांनी कान खाजवला. “एक दलदल आहे. लहानशी.”

“खरी?”

आजोबांनी कोटाच्या खिशातून खोडरबर काढलं आणि मुकाट्यानं हेड्डाच्या हातावर ठेवलं.